पडतील म्हणून बसवून ठेवलेले काका

"पडून हाड मोडून घेण्यापेक्षा घरात बसून राहिलेलं काय वाईट?" मी समुपदेशक असल्याने वयस्क आईवडिलांची काळजी वाहणारी मुले-मुली हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. त्यामागची माया खरी असते आणि भीतीही खरी असते, म्हणून त्याला तडकाफडकी उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी एका जोडप्याबरोबर घालवलेल्या चार महिन्यांविषयी मी येथे लिहीत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघांना मी काका आणि काकू म्हणत असे, येथेही तेच म्हणते.

काका ७७ वर्षांचे आणि काकू ७२ वर्षांच्या. त्यांचा मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. पाच महिन्यांपूर्वी रात्री बाथरूममधून परतताना काका पडले होते. हाड मोडले नव्हते. कोपराला टाके पडले, कंबर काही दिवस दुखली आणि दोन आठवडे त्यांना अंथरुणातच ठेवले गेले. त्यानंतर घरातल्यांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. संध्याकाळचे फिरणे बंद झाले, जिना बंद झाला, पाण्याचा पेला बसल्या जागी मिळू लागला आणि काका खुर्चीतून उठायला लागले की काकू धावत येऊन त्यांचा दंड धरू लागल्या. पडण्यापूर्वी रोज अर्धा तास चालणाऱ्या काकांना पाच महिन्यांत दोन्ही हात टेकून, दोनदा झोक घेतल्याशिवाय उठता येईनासे झाले. "बघा, तब्येत किती उतरली," मुलगा म्हणाला, "बरं झालं, आम्ही आधीच सगळं थांबवलं." मला मात्र हा क्रम उलटा दिसत होता. हालचाल थांबली होती आणि म्हणूनच तब्येत उतरली होती.

पहिल्या भेटीत मी काकांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर काकूंनी दिले. शेवटी मी काकांशी एकट्याने बोलण्याची परवानगी मागितली. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "पडलो त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण आता मी उभा राहिलो की सगळे माझ्या पायांकडे बघतात. ते बघायला लागले की पाय माझे राहत नाहीत."

काकांना जे जाणवत होते ते वृद्धांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना जुनेच परिचित आहे. मर्फी आणि आयझॅक्स यांनी १९८२ साली पडल्यानंतरच्या या अवस्थेचे वर्णन केले होते: पडलेली व्यक्ती आधाराला चाचपडू लागते आणि जे पूर्वी सहज जमत होते तेही एकट्याने करायला धजत नाही. भीतीमुळे पावले आखूड पडतात, गुडघे ताठ होतात, नजर जमिनीला खिळते. आणि अशा चालण्यात तोल जाण्याची शक्यता वाढते. त्यात स्नायूंचे नुकसान भराभर होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धडधाकट वयस्कांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवल्यावर त्यांच्या पायांमधील जवळपास एक किलो स्नायू घटल्याचे आढळले. काकांना तर हाड मोडलेले नसतानाही दोन आठवडे झोपवून ठेवले होते आणि त्यानंतर साडेचार महिने बसवून. ही आकडेवारी मी मुलाला सांगितली तेव्हा त्याचा चेहरा पडला, आणि त्याला अपराधी वाटू नये म्हणून मला थांबून बोलावे लागले. त्याने जे केले ते कोणत्याही मायाळू मुलाने केले असते.

अशा वेळी मी वृद्धांच्या पडण्याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली तयार केलेल्या एका प्रश्नावलीचा आधार घेते. तिच्यात दहा रोजची कामे आहेत: अंघोळ करणे, कपाटातून वस्तू काढणे, घरात वावरणे, अंथरुणातून आणि खुर्चीतून उठणे-बसणे, दार उघडायला जाणे आणि अशीच आणखी काही. यातले प्रत्येक काम न पडता करता येईल याची तुम्हाला किती खात्री वाटते, एवढेच विचारायचे. "भीती वाटते का?" असे विचारले की पुष्कळजण मान हलवून नाही म्हणतात; खात्री विचारली की मन मोकळे होते. सोय म्हणून मी दहापैकी गुण द्यायला सांगते आणि जितकी खात्री अधिक तितके गुण अधिक. काकांनी घरात वावरण्याला सहा गुण दिले. मग मी काकूंना काकांच्या वतीने उत्तरे द्यायला सांगितले. त्यांनी त्याच कामाला दोन दिले. दोघांच्या मनातल्या या चार गुणांच्या अंतरातच ते घर पाच महिने अडकून पडले होते.

त्यानंतर मी काकूंना त्यांच्या स्वतःविषयी तीच उत्तरे विचारली. हा प्रश्न त्यांना अनपेक्षित होता. कपाटातून वस्तू काढण्याला त्यांनी तीन गुण दिले आणि रात्री अंथरुणातून उठण्यालाही तीनच. मी कारण विचारले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. दोन महिन्यांपूर्वी रात्री काकांना उठावे लागू नये म्हणून त्या अंधारातच पाणी आणायला गेल्या आणि दाराशी पडल्या. मनगट सुजले होते, ते त्यांनी रुमाल गुंडाळून लपवले. "सांगितलं असतं तर मलाही बसवलं असतं. मग यांच्याकडे कोण बघणार?" पडल्याचे लपवणारे वयस्क मला नेहमी भेटतात आणि बहुतेकांचे कारण हेच असते. ज्या घरात पडण्याची शिक्षा म्हणून हिंडण्या-फिरण्यावर बंदी येते, त्या घरात पुढचे पडणे कोणी सांगत नाही आणि त्यावर उपायही होत नाही.

त्या दिवसापासून हा विषय दोघांचा झाला. तपासणी आणि औषधे हा समुपदेशक म्हणून माझा प्रांत नव्हे, म्हणून व्यायामाआधी दोघांनाही डॉक्टरांकडे पाठवले. पडणे केवळ पायांच्या अशक्तपणामुळे होत नाही. काकांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत मोजला असता वरचा आकडा २० पेक्षा अधिक उतरत होता. रात्री ताडकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी का येत असे, याचा उलगडा त्यातून झाला. डॉक्टरांनी त्यांच्या औषधांचा फेरविचार केला आणि उठण्यापूर्वी पलंगाच्या काठावर थोडा वेळ पाय हलवत बसण्यास सांगितले. काकूंच्या झोपेच्या गोळीचाही विचार झाला, कारण अशा गोळ्यांमुळे रात्री तोल जाण्याचा धोका वाढतो. डोळे तपासले गेले. घरातल्या दुरुस्त्या दोन दिवसांत उरकल्या: रात्रीचा दिवा, बाथरूममध्ये पकडायला दांडी, सरकणारे पायपुसणे काढून टाकणे आणि ढिल्या सपातांऐवजी टाच बंद असलेली पादत्राणे.

व्यायाम मात्र वेळ घेणारा होता. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी काकांना साध्या खुर्चीवर बसवून, हात छातीशी घेऊन, तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उभे राहायला सांगितले. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला अकरापेक्षा कमी वेळा उठता आले तर पायांची ताकद कमी मानतात आणि हात टेकावे लागले तर मोजणी शून्य धरतात. काकांची मोजणी शून्य आली. ते खिन्न झाले आणि म्हणाले, "या वयात आता काय होणार?" मी त्यांना १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी सांगितले. त्यात सरासरी ९० वर्षे वयाच्या, अशक्त झालेल्या काही वृद्धांनी देखरेखीखाली आठ आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. काका हिशेबाचे पक्के होते. त्यांनी तो आकडा कागदावर लिहून घेतला.

दिलेले व्यायाम अगदी साधे होते. दोघेही स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभे राहत. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, चवडे उचलून टाचांवर उभे राहणे, ओट्याच्या कडेने आडवे चालणे, एका पावलाच्या पुढे दुसरे पाऊल चिकटवून दहा सेकंद स्थिर राहणे आणि खुर्चीवरून उठणे-बसणे, आधी हात टेकून, मग एक हात, मग हातांविना. तोलाच्या व्यायामात दोन्ही हातांचा आधार एका हातावर, एका हाताचा दोन बोटांवर, असा हळूहळू कमी करायचा होता. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात विकसित झालेला घरच्या घरी करायचा कार्यक्रम याच धर्तीचा आहे. त्यात ताकद आणि तोल यांचे व्यायाम आठवड्यातून तीनदा आणि चालणे दोनदा असते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुष्कळ घरांत "बाबांना रोज चालवतो, तेवढा व्यायाम पुरे" असा समज असतो. चालणे हृदयाला आणि मनाला चांगलेच आहे. परंतु १०८ चाचण्या एकत्र अभ्यासणाऱ्या २०१९ सालच्या एका मोठ्या आढाव्यात, व्यायामाने पडण्याचे प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटते असे दिसले आणि त्यात तोलाच्या व नेहमीच्या हालचालींच्या व्यायामांचा वाटा ठळक होता. नुसत्या चालण्याविषयी तसा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. तोल सावरायला शिकायचे असेल तर तो सुरक्षित जागी थोडासा डगमगावा लागतो. ज्यांना उभे राहता येते त्यांना केवळ खुर्चीत बसून हातपाय हलवायला लावणे, हे मला त्यांच्यावर अन्यायकारक वाटते.

काकूंसाठी सर्वांत अवघड ठरले ते गप्प राहणे. काका चालू लागले की त्या सतत "हळू, जपून, पाय बघा" असे म्हणत आणि प्रत्येक हाकेला काका थांबून त्यांच्याकडे वळत. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली एक साधे निरीक्षण नोंदवले होते. वृद्धांशी चालता चालता बोलणे सुरू केल्यावर जे बारा जण चालायचे थांबले, त्यांपैकी दहा जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ज्यांना चालण्यासाठी पूर्ण लक्ष द्यावे लागते, त्यांचे लक्ष मायेच्या हाकेनेही विचलित होते. म्हणून आमचा करार झाला की काका चालत असताना काकूंनी बोलायचे नाही. दंड धरणेही बंद झाले, कारण दंड ओढला गेला की उलट तोल जातो. "तुम्ही त्यांना धरू नका, गरज वाटली तर त्यांना तुम्हाला धरू द्या," असे मी सांगितले. काकू किंचित मागे, एका बाजूने चालू लागल्या. पहिले काही दिवस त्या ओठ घट्ट मिटून चालत असत, असे काकांनी मला नंतर हसत सांगितले.

फिजिओथेरपिस्टने दोघांना आणखी एक गोष्ट शिकवली आणि माझ्या मते काकांची भीती तिनेच सर्वाधिक कमी केली. ती म्हणजे जमिनीवरून उठणे. कुशीवर वळायचे, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचे, रांगत भक्कम खुर्चीपाशी जायचे, बैठकीवर हात ठेवून एक पाऊल पुढे रोवायचे आणि मग वळून बसायचे. मुलालाही सांगितले की, पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उचलू नये. आधी दुखते कुठे ते विचारावे, आणि खुबा दुखत असेल, डोक्याला मार बसला असेल किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर वैद्यकीय मदत बोलवावी.

सातव्या आठवड्यात मुलाचा फोन आला. आवाजात राग होता. काका वळताना अडखळले होते आणि जमिनीवर बसले होते. "हेच होणार होतं," तो म्हणाला. मी वडिलांना लागले आहे का, असे विचारले. लागले नव्हते. मग मी विचारले, त्यांना उठवले कोणी? थोडा वेळ पलीकडून काहीच ऐकू आले नाही. नंतर तो म्हणाला की, तो दुसऱ्या खोलीतून पोहोचेपर्यंत काका स्वतःच खुर्चीत येऊन बसले होते आणि काकू शेजारी उभ्या होत्या. व्यायामाने पडणे कमी होते, संपत नाही, हे मी त्याला सुरुवातीलाच सांगितले होते. तरीही ते स्वीकारायला त्याला हा प्रसंग लागला. व्यायाम थांबवायचा का, असे त्याने त्या फोनवर विचारले नाही. वळताना लहान पावले घेण्याचा सराव त्याच आठवड्यापासून वाढवला.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस काका हात न टेकता तीस सेकंदांत नऊ वेळा उठले. अकराचा आकडा अजून गाठायचा होता. प्रश्नावलीत त्यांनी घरात वावरण्याला आठ गुण दिले, काकूंनी त्यांच्या वतीने सात. काकूंनी स्वतःच्या रात्री उठण्याला सात दिले आणि पाणी आता प्रत्येकाच्या उशाशी झाकून ठेवलेले असते, असेही सांगितले.

जिन्यावरून मात्र घरात एकमत झालेले नाही. काकांना एकट्याने खाली उतरून फिरायला जायचे आहे आणि मुलगा तयार नाही. सध्या ठरले आहे ते असे: काकांनी एका हाताने कठडा धरायचा, दुसरा हात मोकळा ठेवायचा आणि उतरताना मुलाने बोलल्याशिवाय एक पायरी खाली चालायचे. पुढच्या भेटीत त्यावर पुन्हा बोलणार आहोत, आणि त्या भेटीला काकूंनाही स्वतःच्या जिन्याविषयी काही सांगायचे आहे.