वाचकांचे प्रश्न : घर कराडला, मोबाइल पुण्यात आणि आजोबांचं कीर्तन पेनड्राइव्हवर

प्रश्न : दादा नमस्कार, मी पुण्यात रूम करून राहतो, इथे मोबाइलच्या डेटावरच सगळं चालतं. घरी कराडला मात्र फायबर आहे आणि माझा जुना डेस्कटॉप नुसताच पडून आहे. इथून मोबाइलवरून त्या कॉम्प्युटरला डाउनलोड लावता येईल का, म्हणजे शनिवारी घरी गेलो की फाइल तयार? कोणीतरी सांगितलं की राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडावा लागतो, ते केलं पण काही होत नाही.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : झालं नाही ते बरंच झालं म्हणायचं. आधी का झालं नाही ते सांगतो. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या आता प्रत्येक घराला वेगळा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, देतच नाहीत, शेकडो घरं मिळून एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात, त्यामुळे तू तुझ्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघड, बाहेरून येणाऱ्याला तुझं घर सापडतच नाही. आणि ज्यांच्याकडे सापडतं त्यांच्याकडे ते सगळ्या जगालाच सापडतं, म्हणजे दाराची कडी काढून गावाला गेल्यासारखं, कारण असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालूच असतात. तेव्हा तो पोर्ट आधी बंद कर.

सोपा रस्ता म्हणजे क्रोम रिमोट डेस्कटॉप. घरच्या कॉम्प्युटरवर एकदा बसवायचं, किमान सहा आकडी पिन द्यायचा, मोबाइलवर त्याच गुगल अकाउंटने उघडायचं की अख्खी स्क्रीन हातात. पण खरं सांगू का, पाच-सहा इंचाच्या काचेवर विंडोज चालवणं म्हणजे बोटाने सुई ओवणं, एका डाउनलोडसाठी रोज ते करून कंटाळशील. त्यापेक्षा डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमचंच रिमोट वापर. जेडाउनलोडर (लिंक दिली की फाइल उतरवणारा प्रोग्रॅम) असेल तर माय-जेडाउनलोडरचं अकाउंट काढून त्यात जोडायचं, मग मोबाइलवरून लिंक टाकली की घरी सुरू. क्यूबिटटोरेंट या टोरेंट (एकच फाइल अनेकांच्या कॉम्प्युटरमधून तुकड्यातुकड्याने घ्यायची पद्धत) उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला स्वतःचं वेब पान असतं, सेटिंगमध्ये वेब यूआय चालू केलं की घरच्या वायफायवर ते ८०८० पोर्टवर दिसतं, पासवर्ड मात्र दणकट ठेव. आणि हे पान पुण्यातून बघायला दोन्हीकडे टेलस्केल बसव, ते तुझा मोबाइल आणि घरचा कॉम्प्युटर यांच्यात खाजगी बोगदा करतं, राउटरला हात लावावा लागत नाही, शेअर्ड आयपी असला तरी चालतं आणि घरगुती वापराला फुकट आहे. (टोरेंट म्हटलं की लगेच पिक्चरच डोळ्यासमोर येतात, पण लिनक्स या विंडोजसारख्या सिस्टिमच्या आयएसओ (बसवायच्या) फाइलीही रीतसर टोरेंटनेच मिळतात. बाकी कॉपीराइटचं तुझं तू बघ, मी त्यात नाही.)

आता खरी अडचण. एवढं सगळं करून कॉम्प्युटर झोपतो! माझंच सांगतो, एकदा लग्नाला नागपूरला गेलो, निघताना मोठं डाउनलोड लावलं, संध्याकाळी मोबाइलवर बघतो तर कॉम्प्युटर ऑफलाइन. आईला फोन केला, आई म्हणाली अरे लाइट आहेत, फॅन चालू आहे, तुझं ते काळं पडलंय फक्त. माउस हलव म्हटलं तर तिने हलवला आणि म्हणाली, उठला बघ, झोपला होता वाटतं. बरोब्बर तेच झालं होतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीपला नेव्हर कर, स्क्रीन बंद झाली तर होऊ दे. दुसरं म्हणजे लाइट. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये) पॉवर परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय बहुतेक डेस्कटॉपला असते, ती लाव. पण चालू झाला तरी विंडोज पासवर्डच्या पानावर थांबतो आणि तिथपर्यंत क्यूबिटटोरेंट सुरूच होत नाही, तेव्हा क्रोम रिमोट डेस्कटॉपही ठेवच, त्यातून लॉगिन करता येतं. आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर तेवढा वेळ नुसतं बघत बसायचं.

एक मात्र लक्षात ठेव आणि घरी पण सांग. केवायसी अपडेट करायचंय, एनीडेस्क टाका असा फोन आला तर सरळ कट करायचा. स्क्रीन दुसऱ्याच्या हातात देणारी ॲप चांगलीच आहेत, पण समोरचा कोण ते बघून. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनेसुद्धा बँकांना याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या कीर्तनाचा व्हिडिओ आहे, दोन तास दहा मिनिटांचा. आजीला आता नीट दिसत नाही, नुसतं ऐकायचं असतं, तिच्याकडे पेनड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर आहे. व्हिडिओचं एमपी३ कसं करायचं? एका साइटवर अपलोड करत होते पण फाइल मोठी आहे म्हणून घेतच नाही.
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, त्या साइटचा नाद सोडा. घरातली गोष्ट कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर कशाला पाठवायची, आणि तिथे डाउनलोड लिहिलेली चार बटणं असतात त्यातली तीन जाहिराती. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर तुमच्याकडे असेलच, त्यातच होतं. मीडिया मेनूत कन्व्हर्ट/सेव्ह, ॲड करून व्हिडिओ निवडा, खालचं कन्व्हर्ट बटण दाबा, प्रोफाइलमध्ये ऑडिओ एमपी३ घ्या, कुठे आणि काय नावाने ठेवायचं ते सांगा आणि स्टार्ट. नावाच्या शेवटी एमपी३ हे एक्स्टेंशन आहे ना ते बघा आणि मूळ व्हिडिओचंच नाव देऊ नका, नाहीतर मूळ फाइलच जायची. स्टार्ट दाबल्यावर काहीच होत नाहीये असं वाटतं, आवाज नाही चित्र नाही, पण खालची पट्टी सरकत असते, तिच्याकडे बघा आणि चहा टाका.

बिटरेट (सेकंदाभराच्या आवाजाला किती डेटा ते) १२८ ठेवा. मिनिटाला साधारण १ एमबी, म्हणजे तुमचं कीर्तन १२५ एमबीच्या आसपास जाईल. नुसतं प्रवचन असतं तर ६४ मोनो (एकाच चॅनेलचा आवाज) म्हटलं असतं, निम्म्यात काम, पण कीर्तनात टाळ असतात आणि कमी बिटरेटला पहिल्यांदा मरतात ते टाळच, पाण्याखाली वाजवल्यासारखे फसफसायला लागतात. आजीला ते लगेच कळेल बघा.

आणि मूळ व्हिडिओ डिलीट करू नका. एमपी३ परत कधीही करता येईल.

प्रश्न : १२८ च्या फाइलीचं ३२० केलं तर आवाज सुधारतो का?

उत्तर : चिपाडं परत चरकात घालून रस निघतो का? फाइल फुगते, बाकी काही नाही, उलट परत एन्कोड केल्याने थोडं आणखी जातंच.

प्रश्न : पूर्वी ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये एमपी३ करायला लेमची (एमपी३ बनवणाऱ्या लायब्ररीची) फाइल वेगळी शोधून टाकावी लागायची, अजून तसंच आहे का?

उत्तर : नाही आता. तेव्हा एमपी३ वर पेटंट होती म्हणून ती लपाछपी. २०१७ मध्ये एमपी३ विकसित करणाऱ्या फ्राउनहोफर या जर्मन संस्थेने लायसन देणंच बंद केलं, पेटंट संपली, आणि २.३.२ पासून ऑडॅसिटीत लेम आतच येतं. विंडोजवर एमपी४ व्हिडिओ थेट उघडायला मात्र एफएफएमपेगची (व्हिडिओ फाइली वाचणारी) लायब्ररी अजून वेगळी टाकावी लागते. खोकला, माइकची शिट्टी असलं काही कापायचं असेल तरच ऑडॅसिटी घ्या, नाहीतर व्हीएलसी पुरे.

प्रश्न : पेनड्राइव्हवर पहिली काकडआरती, मग हरिपाठ, शेवटी शेजारती अशी नावं देऊन भरलं. स्पीकरवर पहाटे पाचला शेजारती लागते. सासूबाई विचारतात, देवाला उठवायचंय की झोपवायचंय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : हसू नका, हा प्रश्न दर महिन्याला येतो. असले स्वस्त स्पीकर बऱ्याचदा नावं वाचतच नाहीत, पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइल लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात, आणि तुम्ही सगळ्या एकदम सिलेक्ट करून ओढल्या असणार, मग विंडोजने कुठली आधी घेतली ते त्यालाच माहीत. पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, फॅट३२ या जुन्या प्रकारातच, विंडोजचा एनटीएफएस हा प्रकार असला तर बरेच स्पीकर ओळखतच नाहीत, आणि मग एकेक फाइल हव्या त्या क्रमाने टाका, पहिली पूर्ण गेली की दुसरी. नवा पेनड्राइव्ह घेणार असाल तर ३२ जीबीच्या वर जाऊ नका, त्यापुढे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ दिसेलच असं नाही, आणि तीन आरत्यांना तेवढी जागा लागते कुठे.