चक्कर आली? आधी डोळे बघू!

चक्कर, जाणारा तोल आणि डोळ्यांची बिघडलेली हालचाल यांत नाशिकमधली माझी निम्मी ओपीडी जाते. या वेळच्या पत्रांतले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : निफाडला आमची द्राक्षबाग आहे. मणी विरळताना मांडवाकडे मान वर केली की गरगरतं. रात्री कूस बदलली तरी खोली फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. एक्स-रेत मानेच्या मणक्यात गॅप निघाली. महिनाभर पट्टा लावला, फरक नाही.

उत्तर : फरक पडणार नव्हताच. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसते. तिच्यामुळे मान दुखेल, हाताला मुंग्या येतील, पण कूस बदलल्यावर खोली फिरणार नाही.

तुम्ही लिहिलंय ते वर्णन बीपीपीव्हीचं, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की थोडा वेळ येणाऱ्या कानाच्या चक्करेचं आहे. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. ते जागेवरून सुटून तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोकं हलल्यावर नलिकेतला द्रवही सरकतो आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. तपासणीला यंत्र लागत नाही. मान 45 अंश वळवून तुम्हाला झटकन आडवं करायचं, डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबतं ठेवायचं आणि डोळे बघत राहायचं. दोन-चार सेकंदांत बुबुळं ठरावीक दिशेने उडायला लागतात. डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये ही तपासणी मांडली. बुबुळांच्या दिशेवरून कुठल्या कानातली कुठली नलिका ते कळतं, आणि त्याच पलंगावर डोकं क्रमाक्रमाने फिरवून कण परत जागी नेता येतात. त्याला एप्ली मॅन्यूव्हर म्हणतात. अनेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो. व्हिडिओ बघून घरी करू नका; बाजू चुकली तर नुसतीच उलटी होईल. तोवर शिडीवर चढणं आणि विहिरीच्या काठाला जाणं बंद.

प्रश्न : वडील 66 वर्षांचे, मधुमेह आहे. सकाळपासून सतत चक्कर, उलट्या, उभं राहता येईना. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. बरोबर होतं का? (सिन्नर)

उत्तर : ते आता कसे आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अजून पूर्ण तपासणी झाली नसेल तर हे वाचणं थांबवून त्यांना घेऊन निघा.

मेंदूच्या मागच्या भागातला, लहान मेंदूचा ताजा झटका (स्ट्रोक) सीटीत बहुधा दिसत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा फसवू शकतो. अशा वेळी डोळे जास्त खरं बोलतात. रुग्णाला माझ्या नाकाकडे बघायला सांगून मी त्याचं डोकं हलकेच पण झटकन बाजूला वळवतो. कानाची नस सुजलेली असेल तर नजर डोक्याबरोबर वाहवते आणि उडी मारून नाकावर परत येते. चक्कर सतत चालू आहे आणि ही चाचणी मात्र अगदी नॉर्मल, असं असेल तर मला धास्ती वाटते, कारण मग दोष कानात नसून मेंदूत असण्याची शक्यता वाढते. हॅल्मागी आणि कर्थॉइज यांनी 1988 मध्ये ही चाचणी सांगितली. फुकट आहे, मिनिटभराची आहे, तरी तातडीच्या विभागात फार कमी वेळा होते. झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून आधाराशिवाय बसताही न येणं, एकाची दोन दिसणं, बोबडी वळणं यांतलं काहीही दिसलं तर घरी वाट बघू नका. चक्कर चालू असताना मोबाइलवर डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढा. तोही उपयोगी पडतो.

प्रश्न : सासूबाई दोन वर्षं रोज चक्करेसाठी सिनॅरिझिन घेतात. चालेल ना?

उत्तर : नाही. जास्त काळ घेतल्यास, विशेषतः उतारवयात, हात थरथरणं, चाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. डॉक्टरांना दाखवून ती थांबवा.

प्रश्न : मी एमबीबीएसला आहे. या विषयात करिअर कसं करायचं?

उत्तर : इंटर्नशिपनंतर एमडी मेडिसिनची 3 वर्षं, मग डीएम न्यूरॉलॉजीची 3. त्यानंतर एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखाली फेलोशिप. ईएनटीकडूनही इथे येता येतं. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी कानाचेच डॉक्टर. कानात गार-गरम पाणी सोडून डोळ्यांची हालचाल त्यांनी अभ्यासली आणि 1914 चं नोबेल मिळवलं. या कामात प्रोसिजर कमी, त्यामुळे पैसाही कार्डिऑलॉजीइतका नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. एका रुग्णाला पाऊण तास द्यायची तयारी असेल तर या.