ओमानचा लोबान आपल्या सालईच्या धुपापेक्षा खरोखर श्रेष्ठ असतो का?

नाही. ओमानच्या धोफार प्रांतातील बोसवेलिया सॅक्रा आणि सातपुड्यातील सालई, म्हणजे बोसवेलिया सेराटा, ही सुगंधी डिंक देणारी झाडे सख्ख्या बहिणी आहेत. ओमानच्या लोबानात अल्फा-पायनिन हे सुगंधी द्रव्य भरपूर असल्याने त्याला पाइनच्या झाडासारखी ताजी छटा येते, तर सालईत अल्फा-थुजीन हे द्रव्य प्रमुख असल्याने तिचा वास अधिक तिखट आणि रानवट लागतो. वास वेगळा आहे, कमी प्रतीचा नाही.

आमचे चोपड्याला पूजासाहित्याचे दुकान होते. हिवाळा लागला की पाड्यांवरून सालईचा डिंक येऊ लागे. खोडाची साल छिलली की तो पाझरतो आणि ताजा असताना विलक्षण चिकट असतो. वडील तो बांबूच्या टोपल्यांत महिनाभर ठेवत. तेलकट रस निथळून गेला की उरलेला डिंक वाळवून, त्यातील सालकाड्या वेचून, पिवळसर खडे आणि काळपट चुरा वेगळे करीत. ही निवडण्याची मेहनत बहुतेक व्यापारी टाळतात आणि डिंक सुटा व्हावा म्हणून शंखजिऱ्याची भुकटी मिसळून तसाच विकतात.

मस्कतला नोकरी करणारा माझा मामेभाऊ एका दत्तजयंतीला हौजरी, म्हणजे ओमानचा उंची प्रतीचा लोबान घेऊन आला आणि वडिलांच्या देखत म्हणाला की खरी वस्तू ही, तुमचा तो जंगली डिंक. वडील काही बोलले नाहीत. मला मात्र ते आजही सहन होत नाही. त्याने आणलेले खडे एकेक निवडलेले होते, आणि त्यांची तुलना त्याने केली ती बाजारातल्या भुकटी मिसळलेल्या चुऱ्याशी, तोही लालबुंद निखाऱ्यावर टाकून. एवढ्या आचेवर कोणताही डिंक सुगंध देण्याआधी करपतो. निखाऱ्यावर राखेचा थर देऊन हरभऱ्याएवढा खडा ठेवायचा असतो, हे धूप जाळणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

ओमानने आपल्या झाडाचा मान राखला; वादी दौका येथील लोबानाची झाडे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. आपल्याकडे बुऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला याच सालईच्या लाकडाचा लगदा करून वृत्तपत्राचा कागद काढला गेला. झाडाची किंमत लाकडावरून ठरवल्यावर त्याच्या डिंकाला कोण विचारणार?

विकत घेताना खडा पाण्यात घोटून पाहावा. सालई असो वा लोबान, पाणी दुधाळ होते, कारण त्यात राळेबरोबर पाण्यात विरघळणारा डिंकही असतो. निव्वळ राळेचे पाणी तसे होत नाही. हौजरी जरूर आणा, परंतु दोन्हींचे निवडलेले खडे सारख्याच राखेवर ठेवून मग निर्णय करा. माझ्या मामेभावाने ते आजवर केलेले नाही. घरात कोणाला दमा असेल, तर मात्र यांपैकी कशाचाही धूर बंद खोलीत करू नये.