पाच लाख घेऊन सही करू का?

*लग्नाला ३१ वर्षं झाली, वय ५४. मुलगा नोकरीला लागला, आणि यजमान आता परस्पर संमतीने घटस्फोट मागत आहेत. खासगी कंपनीत त्यांना हातात १ लाख २० हजार पगार मिळतो, १४ महिन्यांनी निवृत्ती आहे. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, कर्ज फिटलंय. फ्लॅट घेताना माझे दागिने मोडले होते. ते म्हणतात, पाच लाख घे आणि सही कर. गोव्यातली बहीण म्हणते, अर्धी मालमत्ता तुझीच आहे. खरं काय? — एक वाचक, पुणे*

ताई, आधी बहिणीच्या म्हणण्याबद्दल. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. तुमच्या लग्नाला हिंदू विवाह कायदा लागू आहे, आणि त्यात आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. पण म्हणून तुम्ही रिकाम्या हाताने उठायचं असंही नाही. त्या कायद्याच्या कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी मागता येते. ती ठरवताना न्यायालय त्यांची कमाई व मालमत्ता, तुमचं वय, उत्पन्न आणि इतकी वर्षं सांभाळलेला संसार हे सगळं पाहतं.

आता पाच लाखांचा हिशेब. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के पोटगी वाजवी मानली. तो पक्का नियम नाही, पण बोलणी सुरू करायला आधार आहे. तुमच्या बाबतीत ते महिना ३० हजार होतात. त्या दराने पाच लाख सोळा-सतरा महिन्यांत संपतात. पुढे काय?

तुमच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचे हे १४ महिनेच आहेत. पगार चालू असतो तोवर पोटगीच्या वसुलीसाठी त्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत जप्ती आणता येते. पीएफ खात्यातल्या रकमेला मात्र कायद्यानेच जप्तीपासून संरक्षण आहे. ते पैसे एकदा काढून इकडेतिकडे गेले की शोधणं अवघड. शिवाय दरमहा पोटगी ठरली, तर निवृत्तीनंतर उत्पन्न घटल्याचं कारण देऊन ते ती कमी करून मागू शकतात. म्हणून माझं स्पष्ट मत: डोक्यावर छप्पर आणि एकरकमी रक्कम मागा, महिन्याच्या हप्त्यावर विसंबू नका. आणखी एक फरक आहे. एकरकमी पोटगीवर आयकर लागत नाही, दरमहाची रक्कम मात्र तुमच्या उत्पन्नात धरली जाते.

आकडा सांगण्याआधी त्यांच्याकडे काय आहे ते कागदावर येऊ द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. परस्पर संमतीच्या बोलण्यांतही तेवढीच माहिती लेखी मागा. घरात हाती लागेल त्याचे फोटो आजच काढून ठेवा: फॉर्म १६, पगाराच्या पावत्या, पीएफ पासबुक, मुदत ठेवी, डीमॅटचं विवरण, विमा पॉलिसी, फ्लॅटचं इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा).

मोडलेल्या दागिन्यांची सोनाराची पावती आणि तेव्हाच्या पासबुकातली नोंद शोधा. स्त्रीधन पूर्णपणे तुमचं, ते सामाईक नसतं. ते फ्लॅटमध्ये गेल्याचा पुरावा असेल, तर पोटगीशिवाय वेगळा दावाही फॅमिली कोर्टात मांडता येतो. लॉकरमध्ये जे उरलंय त्याची यादी वजनासकट करा.

घर सोडून माहेरी जाऊ नका. फ्लॅट विकण्याची चाहूल लागली, किंवा घरखर्च बंद केला, तर तो कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ ठरू शकतो, आणि राहत्या घराच्या विक्रीला मनाई मागता येते. फ्लॅटवरच्या हक्काचा दावा दाखल केलात, तर त्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवायला विसरू नका. महाराष्ट्रात ही नोंदणी नसेल तर मधल्या काळात फ्लॅट घेणाऱ्याला तुमचा दावा बांधील राहत नाही. हे बरेचदा राहून जातं.

संमतीच्या अर्जाला साधारण वर्षभर वेगळं राहणं लागतं. एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून संबंध नसतील तर ते चालतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, ते न्यायालय माफ करू शकतं. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून तोवर पूर्ण रक्कम डिमांड ड्राफ्टने हातात यायला हवी. ‘निवृत्तीनंतर देतो’ हे वाक्य संमतीपत्रात नकोच. त्यांनी फारच आग्रह धरला, तर उरलेल्या रकमेसाठी फ्लॅटवर बोजा लिहून घ्या.

फ्लॅट तुमच्या नावावर व्हायचा असेल तर बक्षीसपत्र घटस्फोटाच्या हुकुमाआधी नोंदवा. राहतं घर पत्नीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, आणि हुकुमानंतर तुम्ही पत्नी राहत नाही. मग सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घ्या.

आरोग्यविमाही आत्ताच बघा. घटस्फोटानंतर त्यांच्या कौटुंबिक पॉलिसीतून तुमचं नाव जाईल, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी सुरू करा आणि तिचा हप्ता मागणीत धरा. मुलाच्या शिक्षणाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कर्जावर तुमची सही असेल, तर तेही आधी फेडून घ्या. घटस्फोट झाला तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते.

खर्चाची भीती वाटत असेल, तर पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यात महाराष्ट्रात स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. या आठवड्यात तिथे अर्ज करा. यजमानांना सध्या एवढंच सांगा: ‘वकिलाला दाखवल्याशिवाय सही करणार नाही.’