नाटकाची वही देण्याआधी

चि. नाटककारास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाटकाची वही दोनदा वाचली. धानाच्या बांधीवर सासू-सुनेचा जो प्रवेश आहे, तो अस्सल झाडीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचा, उतरला आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याचा विषय आधी दुसऱ्या लेखकाने घेतला असल्याने त्याची परवानगी लागेल का, असे तू विचारले आहेस. पण खरोखर काळजी घ्यावी अशा दोन गोष्टींचा तुझ्या चिठ्ठीत उल्लेखही नाही.

विषय कोणाच्याही मालकीचा नसतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेचे नव्हे, तर ती ज्या शब्दांत आणि मांडणीत उतरते त्यांचे रक्षण करतो. आर. जी. आनंद या नाटककाराने आपल्या नाटकावरून चित्रपट उचलल्याची तक्रार केली होती. दोन्हींचा विषय प्रांतवादच होता, तरी मांडणी वेगळी असल्याने १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. मात्र तू म्हणतोस त्या आधीच्या लेखकाचे संवाद आणि प्रसंगांची गुंफण घेतलीस, तर पात्रांची नावे बदलून सुटका होणार नाही.

पहिली काळजी गाण्यांची. तिसऱ्या अंकात तू तुकडोजी महाराजांचे भजन घातले आहेस. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइटचा हक्क राहतो व ती वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. तेव्हा हक्कधारकांकडे लेखी परवानगी माग. तुकोबांच्या अभंगाला ती लागत नाही, पण आजच्या गायकाची ध्वनिफीत वाजवणार असशील तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. हौशी मंडळाने विनामूल्य प्रयोग केल्यास कायद्यात सवलत आहे; तिकीट लावून रात्रभर चालणाऱ्या आपल्या धंदेवाईक प्रयोगांना ती लागू होत नाही.

दुसरी काळजी तुझ्या स्वतःच्या हक्काची, आणि इथे मी स्वतः पोळलो आहे. तुझ्याच वयाचा असताना लाल कापडी बांधणीची माझी एकुलती एक वही वडशाच्या एका नाटक कंपनीला तोंडी बोलण्यावर दिली. पुढच्या मोसमात दुसऱ्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, शेवटच्या रांगेत बसून मी माझेच संवाद ऐकले. फलकावर नाव मात्र दुसऱ्याचे होते. तोंडी बोलण्याने हक्क हस्तांतरित होत नाही, त्यासाठी सहीचा लेख लागतो, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. दाखवायला हातात कागद नव्हता आणि वहीची दुसरी प्रतही नव्हती.

म्हणून नाटक कंपनीशी करशील त्या करारात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या भागापुरते आणि किती मानधनावर दिले, हे स्पष्ट लिहून घे. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नाही तर तो संपूर्ण भारत धरला जातो. चित्रपटाचा हक्क त्यात घालू नकोस. हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार तुझाच राहतो. नोंदणी सक्तीची नाही. लिहिताक्षणी हक्क निर्माण होतो, तरी तारीख घातलेली एक प्रत घरी ठेव.

वहीची झेरॉक्स माझ्याकडे ठेवून मूळ वही या पत्रासोबत परत पाठवत आहे. भजनाच्या परवानगीचे पत्र याच आठवड्यात टाक आणि कंपनीचा करार आला की सही करण्याआधी मला वाचायला दे.

तुझा,
काका