द्राक्षाच्या सालीतलं रसायन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (निफाडचे बागायतदार) : डाऊनी (केवडा हा बुरशीचा रोग) आलेल्या वेलीत रेस्वेराट्रॉल वाढतं म्हणे. मग फवारण्या कमी करून तो माल औषध कंपन्यांना देता येईल का?

ऐकलंत ते खरं आहे. रेस्वेराट्रॉल हे वेलीचं बचावाचं रसायन. बुरशी शिरली किंवा अतिनील किरण पडले की वेल ते बनवते. लँगकेक आणि प्राइस यांनी १९७६ साली द्राक्षाच्या पानांत ते दाखवलं. पण डाऊनीने घडच गेला तर साल कुठली उरणार? फवारणी सोडू नका. शिवाय बाजारातलं बरंचसं रेस्वेराट्रॉल द्राक्षातून येतच नाही, जपानी नॉटवीड नावाच्या वनस्पतीच्या मुळांतून काढतात. १९३९ साली ताकाओका या जपानी संशोधकाला ते प्रथम मिळालं तेही व्हेराट्रम नावाच्या वनस्पतीत. द्राक्षाचं नाव झालं ते वाइनमुळे!

प्रश्न (एम. फार्म.ची विद्यार्थिनी, पंचवटी) : माझ्या रेस्वेराट्रॉलच्या द्रावणात दोन दिवसांत एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) दुसरा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, दिसू लागला. नमुना भेसळीचा आहे का?

बहुधा नाही. बाटली खिडकीपाशी ठेवली होतीस का? रेस्वेराट्रॉलची ट्रान्स आणि सिस अशी दोन रूपं असतात आणि उजेडात ट्रान्सचं सिस होतं. ट्रान्सचं प्रकाशशोषण ३०६ नॅनोमीटरच्या आसपास, सिसचं २८६ च्या. डिटेक्टरवर दोन्ही पीकचे स्पेक्ट्रम ताडून बघ. बाटलीला फॉइल गुंडाळ, पिवळ्या दिव्यात काम कर. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही, म्हणून मूळ द्रावण इथेनॉल किंवा डीएमएसओ या द्रावकात करून उणे २० अंशांवर ठेव. अल्कधर्मी बफरमध्ये ते टिकत नाही, हेही लक्षात असू दे.

न विचारलेलं एक सांगतो. पेशींवर ५० मायक्रोमोलर (मिलिलिटरला सुमारे ११,४०० नॅनोग्रॅम) रेस्वेराट्रॉल टाकून ‘परिणाम दिसला’ असं लिहिण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता. पण माणसाने २५ मिलिग्रॅम गिळल्यावर रक्तात मूळ रूपातलं रेस्वेराट्रॉल मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी सापडलं. हिशेब कर, दोन हजारपटींहून मोठी दरी आहे. आतड्यातून ते चांगलं शोषलं जातं, पण आतडं आणि यकृत त्याला लगेच सल्फेट नि ग्लुकुरोनाइड हे रासायनिक गट जोडून टाकतात. तेव्हा प्रयोगात ही जोडलेली रूपंही तपास. नाहीतर तुझा निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या ताटलीपुरताच राहील.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड) : मुलाने ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणल्यात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. घेऊ का? की रेड वाइन बरी?

डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका सर, त्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि वाइनचं म्हणाल तर लिटरमागे रेस्वेराट्रॉल सहसा पाच-सहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसतं. एका कॅप्सूलइतकं मिळवायला निदान ऐंशी ते शंभर लिटर लागेल! द्राक्षं मात्र सालीसकट खा, नीट धुऊन. मधुमेह असेल तर मोजून.