छपरावरची गाय, अंगणातली पायपेटी

गेल्या अंकात अमेरिकेतल्या गुराख्यांच्या मुलखातल्या जुन्या काचांचा, म्हणजे पूर्वी फोटो ज्यांच्यावर उमटायचे त्या ग्लास निगेटिव्हचा, मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं.

ताई, नमस्कार. मुलगा नोकरीनिमित्त ओमाहाला असतो. त्याच्या शेजाऱ्याकडे भिंतीवर एक जुना फोटो पाहिला. मातीचं बुटकं घर, पुढे घरची मंडळी आणि छपरावर चक्क गाय! नातू म्हणतो, ही कॉम्प्युटरची करामत आहे. खरं काय? – एक वाचक, नागपूर

गाय खरी आहे. नातवाला सांगा, फोटो १८८६चा आहे. नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), सार्जंट गावाच्या उत्तरेला रॉडिंग नावाच्या कुटुंबाचं हे घर होतं. टेकडीचा उतार खोदून घर आत घातलेलं, त्यामुळे मागच्या बाजूने छप्पर थेट टेकडीला मिळालेलं. छपरावरही मातीच, तिच्यावर गवत. गाय चरत चरत आली, एवढंच.

त्या माळावर झाडं जवळपास नव्हतीच. लाकूड नाही, दगड नाही. मग लोकांनी नांगराने गवताच्या मुळ्यांसकट जमिनीचे पट्टे उचलले, ते विटांसारखे कापले आणि एकावर एक रचून भिंती उभ्या केल्या. १८६२च्या कायद्याने सरकार १६० एकर जमीन देत होतं. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. राहायचं तर घर हवं, आणि पायाखालच्या मातीशिवाय हाताशी काही नव्हतं.

हा फोटो काढणारा सॉलोमन बुचर. त्यालाही असाच जमिनीचा तुकडा मिळाला होता, पण शेती त्याला झेपली नाही. डॉक्टरकी शिकायला गेला, तीही अर्धवट सोडून परत आला. शाळेत शिकवलं, मातीच्याच इमारतीत फोटोचा स्टुडिओ थाटला. १८८६ साली त्याच्या डोक्यात आलं की आपल्या काउंटीचा इतिहास फोटोंतून लिहायचा. झालं, घोडागाडीत कॅमेरा आणि काचा घालून तो घरोघर फिरू लागला. सात वर्षांत दीड हजारांवर फोटो काढले आणि लोकांकडून त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या. दुष्काळ पडला, पैसे संपले, काम थांबलं. १८९९मध्ये घराला आग लागली आणि हकिकतींचे कागद जळून गेले. काचा धान्याच्या कोठारात ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या. त्याने पुन्हा हकिकती गोळा केल्या आणि एका पशुपालकाने पैसे दिले म्हणून १९०१मध्ये पुस्तक निघालं.

आज त्याच्या तीन हजारांवर काचा नेब्रास्काच्या इतिहास संस्थेकडे आहेत. विकत घेतल्यावर संस्थेने बुचरलाच बोलावून प्रत्येक काचेची माहिती लिहून घेतली. मी नोकरीची वर्षं एका संग्रहालयाच्या छायाचित्र विभागात काढली, म्हणून सांगते, संस्थेने केलेलं हे काम फोटो जपण्याइतकंच मोलाचं आहे. काच उजेडाकडे धरली की माणसं दिसतात. ती कोण हे काच सांगत नाही. बुचर १९२७मध्ये गेला. आपलं आयुष्य वाया गेलं, असंच त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं. याचं मला फार वाईट वाटतं.

या फोटोंत लोक घरातलं सामानसुमान अंगणात का मांडून बसतात? एका फोटोत तर उघड्या माळावर ऑर्गन आहे. – एक वाचक, रत्नागिरी

तो वायसर्टजवळच्या हिल्टन कुटुंबाचा फोटो. तुम्ही रत्नागिरीच्या, म्हणजे नाटकातली पायपेटी तुम्हाला नवी नाही. ऑर्गन तोच. हिल्टनबाईंना पूर्वेकडच्या मैत्रिणींना दाखवायचं होतं की आपल्याकडे पायपेटी आहे, पण आपण मातीच्या घरात राहतो हे कळू द्यायचं नव्हतं. म्हणून सगळ्यांनी मिळून ती बाहेर आणली, तिच्याभोवती उभं राहून फोटो काढला आणि पुन्हा आत नेली.

इतरांचंही थोडंफार असंच. घोडे, गाई, शिवणयंत्र, पक्ष्याचा पिंजरा, टेबलावर कापलेली कलिंगडं असं जे जे अभिमानाचं ते चौकटीत यायचं. मातीच्या घरात उजेड बेताचाच, त्यामुळे आत फोटो काढणं अवघड होतं, हेही कारण आहेच. पण मला हिल्टनबाईंचं कारण अधिक पटतं. माहेरच्यांना आपलं बरं चाललंय हे कळावं असं कुणाला वाटत नाही?

या काचा अलीकडे मोठ्या आकारात स्कॅन केल्या, तेव्हा कागदी प्रतींत नुसत्या काळ्या दिसणाऱ्या दारा-खिडक्यांतूनही आतलं काही काही दिसू लागलं. जे लपवायचं होतं त्यातलं थोडंसं काचेने टिपून ठेवलं होतं.

मी इतिहास शिकवतो. बुचरने काही प्रसंग नंतर मुद्दाम उभे करून फोटो काढले, असं वाचलं. मग यांना पुरावा कसं म्हणायचं? – एक शिक्षक, बारामती

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. ब्रायटन रँचचा, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या जागेचा, फोटो घ्या. मोठ्या पशुपालकाने सरकारी माळाला तारेचं कुंपण घातलं आणि नव्याने आलेल्या शेतकऱ्यांनी ते पंधरा मैलांपर्यंत तोडलं, ही १८८५ची घटना. फोटोत तोंड झाकलेली माणसं तार तोडताहेत, पण ती नंतर पोझ देऊन उभी आहेत. दुसऱ्या एका फोटोत स्वेन फिंच हा पशुपालक टोळधाडीशी झगडताना दिसतो. टोळ आले होते १८७६ साली, फोटो पुष्कळ नंतरचा, आणि त्यातले टोळ बुचरने काचेवर टोकदार हत्याराने कोरलेले आहेत. बुचरच्या पुस्तकाला पैसे देणारा पशुपालक तो हाच फिंच.

तुमच्या विद्यार्थ्यांना मी असं सांगेन. १८८५मध्ये नेमकं काय झालं याचा पुरावा हा फोटो देत नाही. मात्र काही वर्षांनी त्या गावाला स्वतःची कोणती गोष्ट सांगावीशी वाटत होती, याचा पुरावा तो नक्की देतो. शेतकऱ्यांनी तोंडं झाकली, पण कॅमेऱ्यासमोर आले. कुंपण तोडल्याची त्यांना लाज वाटत नव्हती, उलट ती पराक्रमाची गोष्ट झाली होती. मोकळ्या माळावर गुरं सोडणारा रँचवाला आणि पीक राखणारा शेतकरी यांचं भांडण त्या मुलखाच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. ते एवढ्या स्पष्टपणे एखाद्या सरकारी कागदातही सापडायचं नाही. वर्गात हा फोटो आणि रॉडिंगांची गाय शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा, यातलं काय घडलं आणि काय घडवलं? मुलं तासभर बोलतील.

या फोटोंत मूळचे लोक कुठे आहेत? – एक विद्यार्थिनी, गडचिरोली

हा प्रश्न तू विचारलास याचा मला फार आनंद झाला, मुली. तो माळ पॉनी आणि लाकोटा लोकांच्या शिकारीचा होता. पॉनींना करारामागून करार करून आपली जमीन सोडावी लागली आणि १८७०च्या दशकात त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. काउंटीला ज्याचं नाव आहे तो कस्टर म्हणजे १८७६मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि त्यांच्या मित्रांकडून मारला गेलेला लष्करी अधिकारी. बुचर कॅमेरा घेऊन निघाला तो त्यानंतर दहा वर्षांनी. त्या वेळेपर्यंत माळ ‘रिकामा’ करून झाला होता आणि रिकाम्या माळावर घर बांधणाऱ्यांचा इतिहास त्याने लिहिला. फोटो खोटे नाहीत, पण त्यांची सुरुवात सोयीच्या ठिकाणी झालेली आहे.

त्याच संग्रहात १८८७चा शोर्स कुटुंबाचा फोटो आहे, वेस्टरव्हिलजवळचा. जेरी शोर्स हे गुलामगिरीतून सुटून आलेले कृष्णवर्णीय शेतकरी. तेही तसेच मातीच्या घरापुढे बसलेत, इतरांसारखेच ताठ. सिनेमांनी दाखवलेल्या गुराखी मुलखात अशी माणसं क्वचितच दिसली. ती काचेवर मात्र आहेत. तुझ्या अभ्यासात हे दोन्ही येऊ दे.

फोटो काढणाऱ्या बायका होत्या का? – एक वाचक, पुणे

होत्या. दोघींची नावं सांगते.

एव्हलिन कॅमेरॉन ही लंडनजवळच्या सधन घरातली मुलगी. १८८९मध्ये नवऱ्याबरोबर माँटानाला शिकारीला आली आणि पुढे दोघं तिथेच राहिली. पोलोचे घोडे वाढवून इंग्लंडला विकायचे, हा बेत फसला. घरखर्च निघेना, तेव्हा १८९४मध्ये ती फोटोग्राफी शिकली. टेरी या गावाच्या आसपास घोड्यावरून हिंडून तिने रँचवरचे घोडे, मेंढ्यांचे कळप, लग्नाची जोडपी, रेल्वे आल्यावर आलेली नवी कुटुंबं टिपली. नवऱ्याला पक्ष्यांचा अभ्यास होता, त्याच्यासाठी ससाण्यांचे, गरुडांचे फोटो काढले. दूध काढणं, पाव भाजणं, लाकडं फोडणं हे सगळं स्वतः करून. पीठ मळतानाचा तिचा स्वतःचा १९०४चा फोटो मला सगळ्यांत आवडतो. बाह्या वर, हात कणकेत आणि नजर थेट कॅमेऱ्यात.

पस्तीस वर्षं तिने रोजनिशी लिहिली. बारीक अक्षरात आज काय रांधलं, कोण आलं, कोणाचा फोटो काढला, सगळं. १९२८मध्ये ती वारली. काचा आणि रोजनिशा मैत्रीण जेनेट विल्यम्सने आपल्या तळघरात ठेवल्या, जवळजवळ पन्नास वर्षं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डोना लुसी ही न्यूयॉर्कची संपादिका शोधत आली, तेव्हा कुठे हा खजिना बाहेर आला. सुमारे १८०० निगेटिव्ह. रोजनिशीतली तारीख आणि काच जुळवली की चेहऱ्याला नाव मिळतं, नावाला दिवस मिळतो. असं भाग्य फार थोड्या संग्रहांच्या वाट्याला येतं.

दुसरी लोरा वेब निकोल्स, वायोमिंगमधल्या एन्कॅम्पमेंट गावची. १८९९मध्ये सोळाव्या वर्षी हातात कॅमेरा आला. गावाजवळ तांबं सापडलं होतं, खाणीमुळे गाव फुगलं आणि काही वर्षांत ओसरलं. तिने दोन्ही पाहिलं. पुढे १९२५मध्ये स्टुडिओ काढला, लोकांचे रोल धुऊन दिले. तिच्या संग्रहात सुमारे २४,००० निगेटिव्ह आहेत आणि त्यांत तिने जपलेल्या, गावातल्या इतरांनी काढलेल्याही पुष्कळ आहेत. कपडे वाळत घालणाऱ्या बायका, बर्फात अडकलेली मोटार, मांडीवर मांजर घेतलेली पोर. बुचरसारखा इतिहास लिहायला ती निघाली नव्हती. मला तिचं गाव जास्त ओळखीचं वाटतं ते म्हणूनच.

हे फोटो भारतातून पाहता येतात का? – दोन-तीन पत्रं

येतात, फुकट. बुचरचे नेब्रास्काच्या इतिहास संस्थेच्या संकेतस्थळावर, लोराचे वायोमिंग विद्यापीठाच्या. मोठ्या आकारात उघडा आणि कडेकडेने पाहा.

वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. ते गेले. माळ्यावर चार पेट्या आहेत. काचा, मोठ्या निगेटिव्ह, रोल. लग्नं, शाळेचे वर्ग, बैलांची प्रदर्शनं, सोसायटीच्या सभा. भाऊ म्हणतो, भंगारात देऊ. काय करावं? – एक वाचक, सांगली जिल्हा

देऊ नका. भावाला हे उत्तर वाचायला द्या.

पेट्या आधी माळ्यावरून उतरवा. पत्र्याखालची उन्हाळ्यातली उष्णता आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही वाईट. घरात जमिनीपासून वर, कोरड्या कपाटात ठेवा. काचा एकीवर एक रचू नका, लांब कडेवर उभ्या ठेवा. फुटलेल्या असतील तर त्या तेवढ्या आडव्या. हात लावायचा तो कडांनाच. जी बाजू मंद, बिनचकाकीची दिसते तिच्यावर चित्र आहे, तिला पाणी, स्पिरिट, ओलं फडकं काही लावू नका. बुरशी दिसली तरी नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतील तर कागद काढा, रबरबँड काढा, आम्लमुक्त कागदाची पाकिटं करा. पाकिटावर पेन्सिलने नंबर घाला, काच आत घालण्यापूर्वी.

फिल्म वेगळी करा. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर ती खराब होऊ लागली आहे, तिचा आधी फोटो काढा. काठावर नायट्रेट असं लिहिलेलं असेल, किंवा फिल्म १९५० पूर्वीची असून तपकिरी, चिकट झाली असेल, तर ती घरात ठेवू नका, ती चट्कन पेट घेते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू संवर्धनाचा विभाग आहे, तिथे विचारा.

पण याच्याही आधी एक काम आहे. वडिलांच्या ऑर्डरच्या वह्या शोधा. बिलबुकं, ॲडव्हान्सच्या नोंदी, पाकिटांवर लिहिलेली नावं. एव्हलिनच्या रोजनिशीचं काम तुमच्याकडे या वह्या करतील. आणि स्टुडिओत डार्करूमला किंवा रिटचिंगला असलेले कुणी हयात असतील तर त्यांच्याकडे याच महिन्यात जा. मोबाइलवर पांढरा पडदा लावा, त्याच्यापासून जरा वर काच धरा, दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा, रंग उलटे करा आणि त्यांना दाखवा. बैलजोडी कुणाची, सभेत डावीकडून तिसरे कोण, प्रदर्शन कुठल्या वर्षीचं, ते सांगतील तसं लिहून घ्या. आठवण अंधूक असेल तर तेही लिहा, ‘बहुतेक’ म्हणून.

चांगले फोटो निवडून बाकीचे टाकण्याचा मोह होईल. तो आवरा. वर्गाचे फोटो, परीक्षेच्या फॉर्मसाठी काढलेले चेहरे, सगळं ठेवा. पन्नास वर्षांनी कुणाला काय हवं असेल हे आज आपल्याला ठरवता येत नाही.

नंबर घालून झाले की दहा बिननावाचे फोटो मला पाठवा. सदरात छापू. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडची वाचकमंडळी नावं कळवतील.